टायटॅनियम मॅनचं चिलखत : कामाच्या नोंदी

११ ऑक्टोबर

ठरलं. यंदा कॉसप्लेला, म्हणजे आवडत्या पात्राचा पेहराव करून मिरवायला, टायटॅनियम मॅन.

भाचीला सांगितलं तर फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "कोण तो?" आयर्न मॅन सगळ्यांना ठाऊक, त्याच्या हातचा मार खाणारे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तिच्यासमोर जुन्या अंकांचा संग्रह उघडला. 'टेल्स ऑफ सस्पेन्स', अंक ६९, सप्टेंबर १९६५. स्टॅन ली आणि डॉन हेक यांची निर्मिती. बोरिस बुल्स्की हा मर्जीतून उतरलेला सोव्हिएत अधिकारी, रवानगी सैबेरियात. तिथल्या कैदी शास्त्रज्ञांना कामाला जुंपून तो हिरवं, अगडबंब चिलखत तयार करवून घेतो आणि आयर्न मॅनला साऱ्या जगासमोर, टीव्हीवर, सामन्याचं आव्हान देतो. ही मारामारी तीन अंक चालते. शेवटी हरतो.

"मावशी, तुझी उंची किती?"

"एकशे अठ्ठावन्न."

"आणि याची?"

पान उलटलं. आयर्न मॅनच्या जवळजवळ दुप्पट दिसतो तो.

१४ ऑक्टोबर

हाच का, हे एकदा लिहून ठेवते, नाहीतर डिसेंबरात स्वतःलाच शिव्या देईन.

टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅनच्या आतला माणूस. त्याची त्या काळची सगळी ऐट ट्रान्झिस्टरवर, रेडिओ नव्हे, सर्किटमधला इवलासा सुटा भाग. प्रत्येक अडचणीला उत्तर एकच, आणखी एक इवलासा ट्रान्झिस्टर. म्हणून त्याचं अख्खं चिलखत ब्रीफकेसमध्ये मावतं, मीटिंगला जाताना हातात धरून नेता येतं. बुल्स्कीकडे ती सोय नाही. हाताशी असेल त्यावर भागवायचं, आणि लहान करता येत नाही म्हणून मोठं करायचं. त्याचा आकार म्हणजे त्याच्या कारखान्याची कबुली आहे. पुढे १९६६ मध्ये, अंक ८१ ते ८३ मध्ये, वॉशिंग्टनला दुसरा सामना झाला तेव्हा तो सुधारलेलं, आटोपशीर चिलखत घालून आला. मला ते नको. मला पहिलं, ओबडधोबड हवं.

शिवाय माझ्याकडेही कारखाना नाही. ब्लेड, हीट गन आणि जेवणाचं टेबल, एवढंच.

रात्री कागदावर एक हिशेब केला. चिलखताचं एकूण क्षेत्रफळ ढोबळ ४ चौरस मीटर धरलं. खरोखर टायटॅनियमचा २ मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरला तर ३६ किलो. तेच पोलादात ६३ किलो. नाव टायटॅनियम मॅन का, ते या दोन आकड्यांत आलं. ईव्हीए फोम, म्हणजे चपलांच्या तळाला असतो तसला हलका फोम, १० मिलिमीटरचा घेतला तर साधारण ४ किलो. फोम जिंकला.

१९ ऑक्टोबर

कागदी पॅटर्न. अंगावर जुना टी-शर्ट, वरून क्लिंग फिल्म, त्यावर मास्किंग टेपचे थर. मग भाचीनं मार्करनं रेषा मारल्या आणि पाठीमागून कात्रीनं मला सोडवलं. दीड तास हात वर करून उभी होते. सोललेलं कवच टेबलावर ठेवलं तर माझ्याच आकाराची, बिनडोक्याची कुणीतरी बाई बसल्यासारखी दिसत होती. भाचीनं लगेच फोटो काढला. डिलीट करायला लावला.

२६ ऑक्टोबर

आजचा दिवस शिरस्त्राणाचा, आणि आज जे समजलं ते पहिल्या दिवशी समजायला हवं होतं.

पुठ्ठ्याचा कच्चा नमुना केला. डोक्यावर बसतो तेवढा, उंची ३४ सेंटिमीटर. "मोठा माणूस, मोठं डोकं" असा माझा सरळ हिशेब. अंगावर खोटे खांदे, छातीचा पुठ्ठा, त्यावर हे शिरस्त्राण असं सगळं चढवून आरशासमोर गेले. आरशात एक भलं मोठं बाळ उभं होतं. भाची जमिनीवर बसून हसत होती.

चित्र काढणारे माणसाची उंची डोक्यांत मोजतात. खरा माणूस साडेसात डोकी, कॉमिकमधला नायक आठ किंवा त्याहून जास्त. माझी जाड तळव्यांसह उंची होती १७२, आणि डोकं ३४. म्हणजे पाच डोकी. लहान मुलाचं प्रमाण. मी रुंदी कितीही वाढवली असती तरी ते बाळच राहिलं असतं, फक्त गुटगुटीत.

म्हणजे राक्षस दिसायचं तर डोकं लहान करायला हवं. माझ्या डोक्याहूनही लहान. मग त्यात माझं डोकं कसं जाणार?

संध्याकाळभर डोकं धरून बसल्यावर उत्तर सापडलं. जायचंच नाही. माझं डोकं चिलखताच्या छातीत राहील. शिरस्त्राण माझ्या टाळूच्या वर, एका हलक्या चौकटीवर बसेल, आत रिकामं. मान ठेवायचीच नाही, खांद्यांतूनच डोकं उगवल्यासारखं दिसेल. मी गळपट्टीखालच्या काळ्या जाळीतून बाहेर बघेन.

नवा हिशेब: मी १५८, तळवे ९, डोक्यावरची चौकट २, शिरस्त्राण २०. एकूण १८९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेनऊ डोकी. पुठ्ठ्याचं छोटं डोकं वर ठेवून भाचीनं चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि या वेळी हसली नाही.

"अगं, हा भीतीदायक दिसतोय."

२ नोव्हेंबर

डोकं सुटलं तर हात अडकले. खोटे खांदे माझ्या खऱ्या खांद्यांच्या वीत-दीड वीत वर आहेत. हात मात्र खऱ्या खांद्यातूनच सुरू होणार. कोपर वाकवला की चिलखताच्या बाहीत भलत्याच ठिकाणी घडी पडते.

उपाय दोन. खांद्यावरची ढाल एवढी लांब लोंबती करायची की दंड दिसूच नये. आणि कोपरापुढचा भाग लांबवायचा: मनगटाच्या जागी आत एक आडवी दांडी, ती मी मुठीत धरणार, खोटी मूठ त्याच्या पुढे. यामुळे मला कशालाच हात लावता येणार नाही. नाक खाजलं तरी भाचीला हाक मारावी लागेल. ही माझी हँडलर, तसं कबूल करून घेतलंय.

९ नोव्हेंबर

कापकाम. फोम कापताना ब्लेड दर दहा-बारा काप झाले की बदलायचं. कंजूषपणा केला की कडा कापली न जाता फाटते, आणि ती फाटकी कडा पुढे रंगातूनही दिसते. गोलाई हवी तिथे कडेला तिरका काप द्यायचा. ४५ अंशांच्या दोन कडा जोडल्या की काटकोन आपोआप उभा राहतो.

डाव्या हाताचे सगळे तुकडे कापून झाले. मग उजव्या हाताचे कापले. मांडून बघितलं तर दोन्ही डावे. पॅटर्न उलटा करून ठेवायचा विसरले. हे मी मागच्या वर्षीही केलं होतं, तेव्हा बुटांच्या बाबतीत. आता प्रत्येक कागदावर लाल अक्षरांत "उलटा कर" लिहिलंय.

१० नोव्हेंबर

पुन्हा उजवा हात. झाला.

१६ नोव्हेंबर

चिकटवणं. कॉन्टॅक्ट सिमेंट, म्हणजे चपलांना लावतात त्यातलाच प्रकार. दोन्ही कडांना पातळ थर, मग दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. जोडलं की जोडलं, पुन्हा सरकवता येत नाही. वास डोक्यात जातो, म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि तोंडावर रासायनिक फिल्टरचा मास्क. कापडी मास्क यासाठी अजिबात उपयोगाचा नाही.

वाळायची वाट बघताना भाचीला १९६५ चीच दुसरी गोष्ट सांगितली. कॉमिकमध्ये बुल्स्की चिलखत बांधत होता त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं खरं चिलखत बांधायला घेतलं, हार्डिमन. अंगावर चढवायचं यंत्र, ६८० किलो उचलता यावेत अशी अपेक्षा. यंत्राचंच वजन तेवढं झालं. अख्खं चालू करायला गेलं की ते आडदांडपणे झटके द्यायचं, म्हणून माणूस आत असताना ते पूर्ण कधी चालवलंच नाही. शेवटी एकच हात धड चालला, तोही अपेक्षेच्या निम्मं वजन उचलायचा.

"म्हणजे खऱ्यांनाही मोठंच करावं लागलं," ती म्हणाली.

उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि सांध्यांची ताकद जेमतेम चौपट, कारण ताकद जाडीच्या क्षेत्रफळावर ठरते. कॉमिकमधल्या प्रत्येक अगडबंब खलनायकानं हा हिशेब गुंडाळून ठेवलेला असतो. मी ९ सेंटिमीटरचे तळवे लावले तर घोटा कुरकुरायला लागला.

१७ नोव्हेंबर

तळव्यांवर चालायचा सराव. आधी १२ सेंटिमीटरचे केले होते, मऊ फोमचे थर चिकटवून. पंधरा पावलांत एका बाजूला दबले आणि पाय मुरगळता मुरगळता राहिला. आता घट्ट फोम, खाली बुटाचा रबरी तळ, उंची ९ वर कायम. पाऊल टाकताना गुडघा उचलून टाकावा लागतो, त्यामुळे चाल आपोआप जड, रोबोटसारखी होते. अभिनय करायची गरज उरली नाही.

२४ नोव्हेंबर

हीट गन. फोम वाकवायला आणि पृष्ठभाग बंद करायला, दोन्हीसाठी. नीट तापला की मॅट दिसणारा फोम क्षणभर चकचकतो, तिथेच हात पुढे सरकवायचा. आज छातीच्या उजव्या पट्टीवर हात रेंगाळला. फोम आक्रसला, कडा काळी पडली, धूर निघाला. पाच बोटं रुंद ठिगळ लावावं लागणार. तिथे रिव्हेट लावून ते मुद्दाम केल्यासारखं दाखवीन.

यावरून आठवलं. टायटॅनियम मॅन नाव धारण करणारा दुसरा, ग्रेमलिन, १९८८ च्या 'आर्मर वॉर्स' कथेत आयर्न मॅनशी लढताना त्याच चिलखतात मेला. खरा टायटॅनियम बारीक किसाच्या किंवा पातळ पत्र्याच्या रूपात पेटतो आणि पेटला की पाण्यानं विझत नाही. तापमान पुरेसं वाढलं तर तो नायट्रोजनमध्येही जळतो, जिथे बाकीच्या आगी गुदमरून मरतात. म्हणून जेट इंजिनात तो कुठे वापरायचा हे अभियंते फार जपून ठरवतात. सगळ्यांना वाटतं टायटॅनियम म्हणजे अभेद्य.

फोमही पेटतो. बादली जवळ ठेवली.

३० नोव्हेंबर

दिवे. डोळ्यांत दोन, दोन्ही तळहातांत एकेक, छातीत दोन. तळहातांतून ऊर्जेचे झोत सोडतो ना तो, म्हणून तिथे पांढरे एलईडी. पाच व्होल्टमधून पांढऱ्या एलईडीचे ३.२ वजा, उरले १.८. दहा मिलिअँपिअर प्रवाह हवा तर प्रत्येकी १८० ओहमचा रेझिस्टर. सोल्डरिंग भाचीनं केलं, माझा हात थरथरतो.

आत दोन छोटे पंखे, पाच व्होल्टचे. माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटच्या आसपास उष्णता सोडतो, हे तळवे घालून चालणारा त्याच्या दोन-तीनपट. फोम म्हणजे थर्मास. पहिल्यांदा दोन्ही पंखे आत हवा फेकणारे लावले आणि काही फरक पडेना. हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. आता पाठीच्या खालचा पंखा आत ओढतो, शिरस्त्राणाच्या मागचा बाहेर फेकतो.

१ डिसेंबर

सगळं पॉवर बँकेला जोडलं. दिवे लागले, टाळ्या वाजवल्या, अर्ध्या मिनिटात विझले. पुन्हा बटण दाबलं, लागले, विझले. सोल्डरिंग तपासलं, ठीक. वायर बदलली, तेच. भाची रडकुंडीला आली, कारण काम तिचं होतं.

दोष तिचा नव्हता. सहा एलईडी मिळून प्रवाह जेमतेम ६० मिलिअँपिअर. पॉवर बँकेला एवढा कमी प्रवाह दिसला की तिला वाटतं फोन चार्ज झाला, आणि ती स्वतःहून बंद होते. आम्ही बॅटरी वाचवायला पंख्यांना वेगळं बटण दिलं होतं आणि पंखे बंद ठेवून दिवे तपासत होतो. दोन्ही एका बटणावर आणलं. पंखे प्रत्येकी २०० खातात, बँक जागी राहते. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची बँक दिवसभर सहज पुरेल.

जास्त वीज खर्च केल्यावरच चालणारं यंत्र. बुल्स्कीच्या प्रयोगशाळेत शोभलं असतं.

७ डिसेंबर

रंगाचा प्रश्न. भाची विचारते, टायटॅनियम राखाडी असतं, मग हा हिरवा का?

छपाईच्या दृष्टीनं सोपं उत्तर आहे. त्या काळच्या कॉमिकमध्ये नायकांच्या अंगावर बहुधा लाल, निळा, पिवळा असायचा आणि हिरवा-जांभळा खलनायकांच्या वाट्याला यायचा. पण दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. टायटॅनियमला खरंच हिरवा रंग देता येतो, रंग न लावता. द्रावणात बुडवून वीज सोडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो. थर जसा जाड होत जातो तसा त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो: सोनेरी, जांभळा, निळा, आणि हिरवा बराच उशिरा, शंभर व्होल्टच्या आसपास. त्यात रंगद्रव्य नसतंच.

म्हणून मीही सपाट हिरवा मारणार नाही. आधी रबरी स्प्रेचे चार थर, म्हणजे फोम वाकला तरी रंग तडकत नाही. मग काळा, मग चंदेरी, आणि सगळ्यात वर पारदर्शक हिरवा. खालची चांदी वरच्या हिरव्यातून दिसली पाहिजे.

८ डिसेंबर

चंदेरी थर वाळला. भाची म्हणाली, असंच ठेवू या. तासभर वाद. मी मोठी, मी जिंकले.

रंग वाळेपर्यंत तिला ब्लॅकबर्डची गोष्ट सांगितली. एसआर-७१ हे अमेरिकेचं हेरगिरीचं विमान, बहुतेक सांगाडा टायटॅनियमचा, पहिलं उड्डाण २२ डिसेंबर १९६४. हा धातू मोठ्या प्रमाणावर होता सोव्हिएत संघाकडे. म्हणून सीआयएनं नावापुरत्या कंपन्या पुढे करून तो त्यांच्याकडूनच विकत घेतला आणि त्याच धातूचं विमान त्यांच्यावर नजर ठेवायला बनवलं. वर्षाच्या आतच कॉमिकमध्ये सोव्हिएत खलनायक आला, अंगावर टायटॅनियम घालून. पडद्यामागे काय चाललंय याची गंधवार्ता लिहिणाऱ्याला असायचं कारण नव्हतं.

"म्हणजे खरा टायटॅनियम मॅन अमेरिकेनंच बनवला," भाची म्हणाली. माझा ब्रश हातातच राहिला.

१४ डिसेंबर

डाग-जुनेपणा. काळा अॅक्रिलिक पाण्यात पातळ करून सगळीकडे फासायचा आणि लगेच फडक्यानं पुसायचा, खाचांत राहतो तेवढा राहू द्यायचा. कडांवर कोरड्या ब्रशनं चांदी. ठिगळावर आठ रिव्हेट, म्हणजे फोमचे गोल. आता चिलखतातला सगळ्यात खरा वाटणारा भाग तोच आहे.

उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला रंग तडकला. तिथे रबरी स्प्रेचे दोनच थर दिले गेले असणार. सबंध कोपर पुन्हा.

२१ डिसेंबर

पूर्ण पेहराव, पहिल्यांदा. चढवायला छत्तीस मिनिटं, भाची आणि तिची आई दोघी लागल्या. वजन साडेनऊ किलो. हिशेब होता चारचा. उरलेलं सगळं बक्कल, पट्टे, चौकट, तळवे, वायर आणि अंदाज चुकल्याचं.

जाळीतून समोरचं दिसतं, पण पायाजवळचं काहीच दिसत नाही. पंख्यांची घरघर कानाशी. हात वर केला की तळहात पेटतो आणि समोरच्या भिंतीवर पांढरा गोल पडतो. मग मी दुसऱ्या खोलीत जायला निघाले आणि दारात अडकले. खांद्यांची रुंदी दारापेक्षा चार बोटं जास्त. हे कुणीच मोजलं नव्हतं. आडवी होऊन, एक खांदा आधी, असं बाहेर पडले. भाचीच्या आईनं एवढंच विचारलं, "हे गाडीत कसं नेणार?"

टोनी स्टार्कला हा प्रश्न पडत नाही.

२२ डिसेंबर

खांद्याच्या ढाली वेल्क्रोवर घेतल्या, सुट्या होतात. छाती दोन भागांत, मागे बक्कल. शिरस्त्राण वेगळ्या पिशवीत, पाय तिसऱ्यात. प्रत्येक तुकड्याच्या आत क्रमांक लिहिला, चढवायच्या क्रमानं, १ ते १७. तीन मोठ्या पिशव्या झाल्या.

२७ डिसेंबर

चढवण्याचा वेळ बावीस मिनिटांवर आला. भाचीला क्रम पाठ झाला आहे, मला अजून नाही. डाव्या ढालीचा वेल्क्रो हात वर केला की सुटतो. उद्या तिथे बक्कल लावणे. जाळीला आतून काळा रंग देणे, फ्लॅशमध्ये माझं नाक दिसतं.